मामा उडाले, असं पेपरात आलं

३ मार्च

चि. काडीपैलवानास,

मामाचे अनेक आशीर्वाद.

आपलं उडतं जहाज तयार झालं! तुझ्या मामीने रेशमाचे पट्टे शिवून शिवून बोटांची चाळण करून घेतली. त्यावर मी जवसाच्या तेलाचे हात दिले, फुग्याखाली बांबूचा लांब सांगाडा टांगला आणि त्यावर तू रविवारी येऊन दुरुस्त केलेलं मोटारसायकलचं इंजिन बसवलं. आपल्याआधी कोणी फुग्याला वल्ही लावली, कोणी वाफेचं इंजिन टांगलं. वाऱ्याने कोणालाच भीक घातली नाही. मला घालेल.

अडचण एकच, तीही बारीकशी. लोखंडाच्या किसावर आम्ल ओतून फुग्यात वायू भरला, मी ऐटीत बसलो आणि जहाज जागचं हलेना. वाळूच्या पिशव्या काढल्या, माझे बूट काढले, तरी ढिम्म. तुझी मामी म्हणाली, आता मामाच काढा. तुझं वजन ते काय असणार! रविवारी ये आणि नुसती बसून दाखव. वर गेलीसच तर मी खालून सांगेन तेवढंच कर. स्वतःचं डोकं चालवू नकोस.

मामीचे तुला आशीर्वाद. मला तिने हल्ली काही द्यायचं बंद केलंय.

तुझा मामा

१५ मार्च

ती. मामांस,

सा. न. वि. वि.

पेपर वाचला. गावाच्या छपरांवरून फेरी मारून तुम्ही सुखरूप उतरलात म्हणे. गॉगल लावलेला फोटोही झकास आलाय. मग त्या सांगाड्यावर कोण होतं हो? जहाजाचं नाक वर गेलं की बांबूवरून पुढे सरकायचं, खाली गेलं की मागे, आणि खाली बघायचं नाही, हे सगळं कोणी केलं? तुम्ही खालून ओरडत होतात त्यातलं एक अक्षर इंजिनाच्या आवाजात ऐकू आलं नाही, म्हणून तर जहाज धड उतरलं.

आमच्या वर्कशॉपचे मिस्त्री मला इंजिन पुसायला देतात, खोलायला देत नाहीत. जहाज चालवून दाखव, मग तुला इंजिनावर घेतो, असं त्यांनी सगळ्यांदेखत कबूल केलं होतं. मी नाचत सांगायला गेले, तर त्यांनी पेपर पुढे केला. सगळे खो खो हसले. मामा, मला रडू कोसळलं. डोळे फडक्यानेच पुसले, कारण माझ्या हातात अजून फडकंच आहे.

लोभ ठेवायचा की नाही, ते तुमच्या उत्तरावर.

तुमची भाची

२० मार्च

चि. काडीपैलवानास,

अनेक आशीर्वाद. (रागाच्या भरात परत पाठवू नयेत.)

अगं, बातमीदार आला तेव्हा तू हात धुवायला गेली होतीस. त्याने माझं अभिनंदन केलं. माझं पोट दिसत असूनही त्याला शंका आली नाही, त्याला मी काय करू? त्याने माझा हात इतका हलवला की खरं बोलायला फुरसतच मिळाली नाही.

आता खरं संकट ऐक. पेपर वाचून सरकारी समिती येतेय. त्यांना मला उडताना बघायचंय! तूच वाचव. माझा कोट घाल, गॉगल लाव, एक मिशी चिकटव. लांबून कोणाला कळतंय? मामी हे ऐकून आतल्या खोलीत गेली, ती अजून आतच आहे.

तुझा बिचारा मामा

२४ मार्च

ती. मामांस,

नमस्कार, तोही मामीखातर.

मिशी तुमच्याकडेच ठेवा, समितीपुढे पीळ द्यायला लागेल. मी येईन ती माझ्या कपड्यांत आणि माझ्या तोंडाने. पण आधी तुम्ही स्वतःच्या तोंडाने समितीला खरं सांगायचं. जमत नसेल तर खुशाल बसा जहाजात. बूट काढून बसा.

भाची

३० मार्च

चि. भाचीस,

आज चिडवायचं त्राण नाही.

सांगितलं गं बाई. समितीसमोर उभा राहून सांगितलं की मी उडालो नाही, माझी भाची उडाली. अध्यक्ष गहिवरले. एवढा मोठा संशोधक आणि श्रेय घरातल्या पोरीला देतो, म्हणाले. मी शपथ घेतली, तर टाळ्या पडल्या. मला देणार असलेल्या मानपत्रात आता माझ्या विनयावर वेगळा परिच्छेद घालणार आहेत. मामीला साक्षीला उभं केलं, तर पतिव्रता म्हणून तिचंही कौतुक झालं. ती पुन्हा आत गेली आहे.

लाज वाटते गं. खोटं बोललो ते पहिल्या फटक्यात खपलं, आणि खरं कोणी फुकटही घेईना. आता ते तुलाच वर जाऊन दाखवावं लागेल. तुझ्या मिस्त्रींना बोलावलंय, पहिल्या रांगेत खुर्ची ठेवली आहे. तोंडावर काही बांधू नकोस, सगळ्यांना नीट दिसू दे.

लवकर ये, आणि चारचौघांत माझी फजिती कर.

तुझा मामा