कडी आणि पाच पायऱ्या

४ नोव्हेंबर, सोमवार
मालकांनी आज ट्रेनिंगला पाठवले. विषय: कामगारांच्या गरजा. माणसाच्या गरजांना म्हणे पाच पायऱ्या असतात. पोटपाणी, सुरक्षितता, आपुलकी, मान आणि सगळ्यात वर आत्मविकास. आमच्या गावच्या शाळेला तीनच होत्या. खालची पायरी भक्कम झाल्याशिवाय वरची चढता येत नाही, असंही मॅडम काहीतरी सांगत होत्या, पण तेवढ्यात चहा आला.

लॉन्ड्रीचा घडी विभाग माझ्याकडे. हॉटेलच्या चादरी हल्ली उशिरा जातात. येत्या शनिवारीही उशीर झाला तर हॉटेल हातचं जाणार आणि मालक विभागच बंद करणार. सगळ्या बायका घरी. मीही.

संकल्प: शनिवारपर्यंत विभाग पाचव्या पायरीवर. देवाला कळवले आहे.

५ नोव्हेंबर
मीटिंग घेतली. काय हवं ते मोकळेपणाने सांगा म्हटलं. विभागातल्या सगळ्यात जुन्या मावशी म्हणाल्या, सर, बाथरूमच्या दाराला कडी लावा, उन्हाळ्यापासून तुटलीय, दोरी बांधतो तर तीही टिकत नाही. मी समजावलं, आपण वरच्या पायऱ्यांचा विचार करतोय. मावशी म्हणाल्या, तिथे पायरी नाही, सपाटच आहे. सगळ्या फिदीफिदी हसल्या.

कडी आणणारच होतो. स्टोअरवाला जेवायला गेलेला. उद्या.

६ नोव्हेंबर
आनंदाची गोष्ट! चादरीची घडी दोघींनी घालायची असते. पण एक बाथरूमला निघाली की जोडीदारीण हातातली चादर टाकून तिच्याबरोबर जाते आणि दाराशी उभी राहते. टेबल ओस. पण काय ती माया! आपुलकीची पायरी आपोआप सर झाली.

सौ.ला सांगितलं. ती म्हणाली, अहो, दार धरायला जात असेल ती. बायकांना थिअरी कळत नाही, असं मनात म्हणालो. तोंडाने म्हणण्याची प्रेरणा झाली नाही.

कडी: विसरलो.

७ नोव्हेंबर
आज मान. ‘आठवड्याची घडीसम्राज्ञी’ असा फलक केला, खाली मावशींचा फोटो. मावशींनी बराच वेळ पाहिला आणि विचारलं, हे खिळे कुठून आणले? स्टोअरमधून, मी अभिमानाने सांगितलं. मग कडीही मिळत असेल तिथे, म्हणाल्या आणि गेल्या.

मान पचायला वेळ लागतो.

चादरी आजही उशिरा. मालकांचा फोन. शनिवार, एवढंच म्हणाले आणि ठेवला.

८ नोव्हेंबर
आत्मविकास. जेवणाच्या सुट्टीत ध्यान घेतलं. डोळे मिटा, आत बघा, शांत व्हा. मी फार शांत झालो. डोळे उघडले तर समोर कोणी नाही. सगळ्या बाथरूमच्या रांगेत.

मावशी म्हणतात, समोरच्या लॉन्ड्रीत बायका कामाला घेताहेत, आणि तिथे कडी आहे. एवढ्याशा कडीसाठी माणूस पाचवी पायरी सोडतो! संध्याकाळी देवापुढे जरा जास्त वेळ बसलो.

९ नोव्हेंबर, शनिवार
सकाळपासून पोट बिघडलेलं. वरच्या ऑफिसच्या बाथरूमला नेमकं पाणी नाही. खाली धावलो. दार लावलं, ते आपोआप उघडलं. पुन्हा लावलं, पुन्हा उघडलं. बसल्या जागेवरून पाय लावून पाहिला. पन्नाशीत पाय तेवढा लांबत नाही.

शेवटी मावशींना हाक मारली. सर, हातात चादर आहे, म्हणाल्या. मी म्हणालो, मावशी, पाया पडतो. आल्या.

तेवढ्यात मालक आले. काम का थांबलंय, सुपरवायझर कुठे, असं विचारलेलं आत स्पष्ट ऐकू आलं. मावशी म्हणाल्या, साहेब, ते आत आहेत आणि मी दार धरलंय. आम्ही एकमेकींसाठी असंच धरतो, म्हणून तर उशीर होतो.

मी आत डोळे मिटून घेतले. हेही ध्यानच.

मालकांनी ड्रायव्हरला पिटाळून कडी आणवली आणि उभं राहून बसवून घेतली. चादरी वेळेआधी गेल्या.

११ नोव्हेंबर, सोमवार
हॉटेल टिकलं. विभागही. पुढच्या ट्रेनिंगला मालक मावशींना पाठवणार आहेत, शिकायला नाही, शिकवायला. माझी थिअरी बरोबरच होती, सुरुवात फक्त वरून झाली.

ही नोंद आत बसून लिहितोय, कडी लावून. इतकं सुरक्षित किती दिवसांत वाटलं नव्हतं.

बाहेरून मावशी दार ठोठावताहेत. सर, कितव्या पायरीवर आहात, म्हणून विचारतात. खाली उतरा म्हणे, रांग लागलीय.