न बघता उचललेले दगड

ती. ताई,

साष्टांग नमस्कार. गुडघे काय म्हणताहेत? जिना उतरताना कठडा धरतेस ना? भाऊजींचा खोकला थांबला, की अजून ते औषध तुझा डोळा चुकवून कुंडीत ओततात? (त्या कुंडीतलं झाड उगाच नाही वाळलं.) मी बरी आहे. बरी म्हणजे पायाचा अंगठा काळानिळा झालाय आणि शिंकांनी जीव नकोसा केलाय, पण त्यात काळजीसारखं काही नाही. काळजीसारखं जे आहे ते सवडीने लिहिते.

या वयात मी भूगोलाच्या पदवीला नाव घातलं, तेव्हा हसली नाहीस ती तू एकटीच. पण मला वाटलं होतं, भूगोल म्हणजे स्वयंपाक उरकून टेबलाशी बसून वाचायचा विषय. प्राकृतिक भूगोलाला प्रत्यक्ष नदीवर जाऊन अभ्यास करावा लागतो, त्याला वेगळे गुण असतात, हे मला फी भरल्यावर कळलं. तर सध्या मी एका नदीकाठच्या शाळेच्या हॉलमध्ये, माझ्या मुलीच्या वयाच्या मुलींबरोबर सतरंजीवर झोपते. त्या गाढ झोपतात. मी छताच्या पंख्याकडे बघत पडते, तो नीट बसवलाय की नाही ते काही कळत नाही.

आमचे सर वयाने लहान आहेत. मला काकू म्हणतात, मग जीभ चावून मॅडम म्हणतात, घाई असली की पुन्हा काकू. माझ्या गटात दोघं. एक बांबू, म्हणजे उंच मुलगा. पाण्याची खोली मोजायची रंगीत काठी त्याच्याकडे असते आणि तो प्रवाहात उभा राहिला की काठी कोणती ते शोधावं लागतं. दुसरी चिमणी. आकडे ती लिहिते. तिला पुढच्या प्रवेशासाठी या सहलीतले गुण हवेच आहेत, हे तिने मला बसमध्येच सांगितलं. (तेव्हापासूनच माझी भूक गेली.)

काम ऐकायला सोपं. नदी दगड घासत, फोडत नेते, म्हणून वरच्या अंगाला ते मोठे आणि ओबडधोबड, खाली जावं तसे लहान आणि गोल. हे खरं आहे का ते बघायला दोन ठिकाणी दगड उचलायचे, मोजपट्टीच्या चिमट्यात धरायचे आणि आकडा सांगायचा. वरच्या ठिकाणी बांबूने उचलले, खालचं ठिकाण माझ्याकडे आलं. नियम एवढाच, की दगड न बघता उचलायचा. बोट खाली न्यायचं आणि ज्याला पहिल्यांदा टेकेल तो घ्यायचा.

ताई, तूच सांग, न बघता मी आयुष्यात काय उचललंय? भाजीवाला मला बघून टोपली मागे ओढतो. मी डोळे मिटले होते, देवाशप्पथ, पण बोट आपोआप चांगल्या दगडाकडे जायचं. एखादा तडकलेला लागला की हातून आपसूक खाली पडायचा. संध्याकाळी चिमणीने आलेख काढला, तर आमची नदी दगड मोठे करत पुढे नेत होती. चिमणीचे डोळे भरून आले. सर वहीकडे बघत राहिले, मग उठून काठावर गेले. तिथे मी मोजलेले दगड धुऊन, पुसून, लहानमोठे लावून ठेवले होते.

"काकू, हे निवडलेत?"

"नाही हो. जरा बरे बघून घेतले."

सर नुसते मागे वळले. रागावले असते तर परवडलं असतं. मी चिमणीला म्हटलं, "गुणांचं काय ते मी सरांशी बोलते." ती म्हणाली, "नको काकू, तुम्ही काही करू नका." एवढं मला घरातही कोणी लागेलसं बोललेलं नाही.

आज सकाळी पुन्हा तिथेच. यावेळी चिमणीने स्वतःच्या ओढणीने माझे डोळे बांधले आणि गाठ दोनदा तपासली. मी काठाशी वाकले, बोट खाली नेलं, काहीतरी लागलं. चिमट्यात धरायला गेले तर तो सरांचा बूट, आत पायासकट. पुढे मात्र जमलं. हाताला येईल तसला वेडावाकडा, शेवाळलेला, कोपरे उडालेला दगड मी निमूट चिमणीकडे देत गेले. प्रत्येक वेळी जिवावर आलं, पण दिला. आणि मग शेवाळावरून पाय सटकला, तो थेट खोल पाण्यात.

पाणी कमरेएवढं असेल, पण बसलेल्या माणसाला कंबर कुठे असते? डोळ्यांवर ओढणी, कानात पाणी, आणि खालून नदी मला पुढे नेतेय हे स्वच्छ कळत होतं. (तेव्हा मनात पहिलं काय आलं असेल? घरी कळलं तर.) "काठी धरा!" बांबू ओरडला. मी घट्ट धरली. ती काठी नव्हती, बांबूचा पाय होता. मग तोही आला. शेवटी सर बुटांसकट उतरले आणि आम्हा दोघांना काठावर ओढून त्यांनी माझी मूठ उघडली. आत एक दगड होता. चिमणीने तो आधी मोजला, मग मला टॉवेल दिला.

आलेख बरोबर आला. चिमणीने मला मिठी मारली, ओल्या कपड्यांसकट. सर म्हणाले, "मॅडम, उत्तम." मी रडले, पण सगळे आधीच इतके भिजले होते, की ते कोणाला कळलं नाही.

तुझी धाकटी

ता. क. महत्त्वाचं राहिलंच. घरी मी तुझ्याकडे आलेय असं सांगितलंय. यांचा स्वभाव तुला माहीत आहे, मी स्टुलावर चढले तरी हे खाली हात पसरून उभे राहतात. नदी म्हटलं असतं तर जेवले नसते. तेव्हा यांचा फोन आला तर मी देवळात गेलेय म्हण. फोनवरच सांगितलं असतं, पण माझा फोन नदीत गेला आणि तुझा नंबर त्यातच होता. मला पाठ असलेला नंबर एकच, घरचा, आणि तोच लावता येत नाही.

ता. क. २. राहवेना म्हणून बांबूच्या फोनवरून घरी लावला. म्हटलं, नुसता यांचा आवाज ऐकावा आणि ठेवावा. ताई, फोन तू उचललास! तू तिथे काय करतेयस? राँग नंबर म्हणून तू जिच्यावर खेकसलीस ती मी होते.

ता. क. ३. पुन्हा केला. यावेळी हेच होते. म्हणाले, "दगड मोजून झाले?" वर म्हणाले, "बहिणीकडे जाताना गमबूट कोण नेतं? आणि सहलीचा कागद टेबलावरच राहिलाय. मला एकट्याला काळजी झेपेना म्हणून ताईंना बोलावून घेतलंय." मग विचारलं, "पाणी किती आहे गं?" मी म्हटलं, "घोट्याएवढं." तर पत्र तुझ्याच पत्त्यावर टाकतेय. परत गेलीस की वाच, आणि लगेच फाडून टाक.