अर्धी दुलई

९ जानेवारी १९८९, सोमवार

ताहेराचं पत्र — येतेय! पाच फेब्रुवारीला, रविवारी, सकाळच्या गाडीने. पंधरा दिवस राहणार. तिची सून, राहत नाव तिचं, सोडायला येईल आणि दुसऱ्या दिवशी परत जाईल. 'हॉटेल नको, नातेवाईक नकोत. तुझ्याकडेच उतरणार. तूच लिहिलं होतंस ना, मागची खोली रिकामी असते म्हणून?'

लिहिलं असेन. मागची खोली खरोखर रिकामी होती ती आम्ही छावणीतल्या या घरात राहायला आलो त्या दिवशी.

लग्न होऊन ती हैदराबादला गेली त्याला छत्तीस वर्षं झाली. मध्ये दोनदा भेटलो, दोन्ही वेळा लग्नाच्या गर्दीत. शेवटचं त्र्याहत्तर साली. बाकी सगळी मैत्री पत्रांतून, तीही इंग्रजीत, कॉन्व्हेंटची सवय. दोनेक वर्षांत तिचं अक्षर फार सुरेख झालंय. शाळेत तिची वही बघून सिस्टर बर्नाडेट डोळे मिटून घ्यायच्या. म्हातारपणी माणूस सुधारतं म्हणायचं.

पत्राच्या शेवटी छत्तीस वर्षांची तीच ओळ — 'आणि माझी दुलई?'

संध्याकाळी मागच्या खोलीचं दार ढकललं. अर्धंच उघडलं. आत काहीतरी आडवं पडलंय.

ह्यांना सांगितलं. म्हणाले, "दप्तर आहे ते. तिथं गेलेली फाइल परत येत नाही." जन्मभर सरकारी नोकरी केलेल्या माणसाने हे मला ऐकवावं!

१० जानेवारी

उद्यापासून नक्की.

१३ जानेवारी

परवाचा आणि कालचा दिवस कुठे गेला कोण जाणे.

आज मात्र सिस्टर बर्नाडेट आठवल्या. शिवणाच्या तासाला वर्गभर फिरत म्हणायच्या, आधी सुईत दोरा घाला, घाबरायचं ते नंतर घाबरा. तेव्हा असं ठरवलं — दुपारच्या चहाआधी एक कोपरा. कोपरा झाल्याशिवाय चहा नाही.

दारामागचं आडवं म्हणजे पाळणा. पाळण्यातला आता पुण्यात नोकरी करतो, त्याचे केस पांढरे व्हायला लागलेत. पाळण्याच्या मागे हॉर्लिक्सच्या बाटल्या, मोजल्या तर सव्वीस. बाटल्यांच्या मागे ह्यांच्या विरलेल्या पँटी, 'पिशव्या शिवीन' म्हणून ठेवलेल्या. लोकरीचे उरलेसुरले गुंडे. जुन्या साड्यांचे काठ, एका उशीच्या अभ्र्यात कोंबलेले.

कोपरा संपेपर्यंत साडेपाच. ह्यांनी चहा तीनदा गरम केला, त्याचा काढा झाला. मी प्यायले. गोड लागला.

१४ जानेवारी, संक्रांत

बाटल्यांचं सुचलं. घरात निळा आणि पांढरा ऑइलपेंट उरलेला होता. बाटल्यांवर वेली काढल्या, कॉन्व्हेंटच्या भिंतीवर होत्या तशा. हात अजून थरथरत नाही. झाकणांना लोकरीच्या टोप्या विणणार. हळदीकुंकवाचं वाण यंदा विकत आणायचं नाही.

१७ जानेवारी

हळदीकुंकू झालं. बाटलीत मूठभर तीळ घालून प्रत्येकीला दिली. कुणी ओळखलं नाही. समोरच्या द्वारकाबाईंनी ओळखलं, पण दोन मागून नेल्या.

सव्वीसातल्या चोवीस गोष्टी घराबाहेर गेल्या आणि सगळ्या बायका मला थँक्यू म्हणाल्या. इतकं हलकं वाटलं की रात्री जेवताना गुणगुणत होते. ह्यांनी विचारलं, बरी आहेस ना?

१८ जानेवारी

रद्दीवाला मुख्तार आला. खोलीत डोकावून तराजू खाली ठेवला. "बाई, ये कागद तुम बेचते या पालते?"

सगळे दिले. दिले म्हणजे — एक गठ्ठा ठेवला, लगद्याच्या टोपल्या करायला. आई करायची तशा. तो गठ्ठा लगेच बादलीत भिजत घातला, वर चिकटपणाला मेथ्या टाकल्या, म्हणजे पुन्हा 'नंतर बघू' नको. मुख्तार बादलीकडे बघून म्हणाला, "चाय में बिस्कुट डालते वैसा अखबार डाले बाई!"

१९ जानेवारी

खाली राहिली ती लोखंडी पेटी. तिच्यावरच बाकी सगळं रचलं होतं इतकी वर्षं.

उघडली. दुलई आहे.

फिकी निळी साटीन. मॅट्रिकच्या वर्षी शिवणाच्या वर्गात ताहेराने आणि मी मिळून शिवायला घेतली होती. सिस्टरने खडूने मधोमध रेघ मारून दिली — इकडे ताहेरा, तिकडे मी. ताहेराने परीक्षेआधीच तिची बाजू संपवली. अक्षर कोंबड्यांनी उकरल्यासारखं, पण टाका असा बारीक, सारखा, की बघत राहावं. माझ्या बाजूला तीन ओळी झाल्या होत्या. ती सासरी निघाली तेव्हा म्हणाली, तुझी बाजू झाली की पाठव, हिवाळ्याच्या आत.

कुठल्या हिवाळ्याच्या ते बोललो नव्हतो.

तिची बाजू जशीच्या तशी. माझ्या बाजूला कसर लागलीय, वीतभर भोक पडलंय. कापसाच्या गुठळ्या झाल्यात. सतरा दिवस आहेत. ती आल्यावर ही तिच्या अंगावर घालायची. खोली झाडून होईलच. पण ताहेराला पुन्हा 'राहून गेली' असं मला सांगायचं नाही.

२० जानेवारी

गुलमंडीवर तीन दुकानं फिरले. असला निळा आता येत नाही म्हणतात. एकाने जांभळा दाखवला आणि म्हणाला, उन्हात निळा दिसतो.

घरी येऊन ताहेराच्या लग्नात नेसलेली माझी निळी साडी काढली. पदर कापला. कात्री लावताना वाटलं होतं रडू येईल. नाही आलं. कापड फार छान कापलं गेलं. ठिगळ मात्र गडद दिसतंय — कोऱ्या वहीवर शाई सांडल्यासारखं.

२३ जानेवारी

तीन दिवस शिवतेय. सिस्टरने शिकवला तोच टाका, तांदळाएवढा. मान आखडली, पण काम सुरेख दिसतंय. ताहेराच्या टाक्याशी अगदी जुळतंय.

२४ जानेवारी

सरूबाईला दाखवली. मागच्या गल्लीत राहते, निम्म्या छावणीच्या वाकळी तीच शिवते. कौतुक करील असं वाटलं होतं. तिने दुलई उचलली, हलवली, माझी बाजू पत्र्यासारखी ताठ उभी राहिली.

"बाई, ही दुलई हाय का पाट? पाव्हण्याला बसायला द्या, चालंल."

मी म्हटलं, टाका बघ की किती बारीक आहे.

"बारीक हाय वो. लई बारीक हाय. पर कापसाला दम घ्यायला जागा कुटं ठिवली? ही ऊब नाय देनार, टोचन."

मग ताहेराची बाजू मऊ कशी? सरूबाईने बोट फिरवून दाखवलं. ताहेराने टाका बारीक घेतला, पण दोरा सैल सोडला होता. मी ओढून घट्ट केला. सिस्टर दोघींनाही एकच शिकवत होत्या. मी नुसतं डोळ्यांनी शिकले.

आता सगळं उसवायचं.

२५ जानेवारी

उसवलं. डोळे चुरचुरताहेत. ह्यांनी चष्मा पुसून दिला आणि शेजारी बसून दोऱ्याचे तुकडे वेचत राहिले.

२६ जानेवारी

सकाळी छावणीत बँड वाजला. गच्चीवर उभी राहून ऐकला.

उसवताना कालपासून एकच विचार. मला वेळ नव्हता हे खरं नाही. छत्तीस वर्षांत चार स्वेटर आणि दोन टेबलक्लॉथ झालेच की. दुलई पुरी झाली असती तर पार्सल करून पाठवावी लागली असती. मग पत्राच्या शेवटी ती ओळ आली नसती. ती ओळ आली की मला कळायचं, अजून आठवण आहे.

हे कधी कुणाला सांगितलेलं नाही. मलाही आजच कळलं.

२७ जानेवारी

ताहेराचं दुसरं पत्र. त्याच सुरेख अक्षरात. 'खोलीत मोकळं चालता येईल एवढं बघ. पलंगापासून दारापर्यंत पायात येईल असं काही ठेवू नकोस. पलंग भिंतीला लावून ठेव.'

वाचून आधी हसले, मग जरा लागलं. शाळेत माझ्या डेस्कचं झाकण कधी बंद व्हायचं नाही हे ती विसरलेली नाही. एवढ्या बारीक सूचना मात्र सासूबाईंनीही कधी दिल्या नव्हत्या.

ह्यांना वाचून दाखवलं. "पाहुणी तुला ओळखून आहे," म्हणाले.

२९ जानेवारी

सरूबाई रोज दुपारी तासभर येते. कडेने सुरुवात करून, एक कोपरा शेवटासाठी उघडा ठेवून, गोल गोल आत जायचं, हा तिचा रिवाज. टाका बोटाच्या पेराएवढा. मी मध्येच फिरून बारीक टाक्यावर गेले की ती माझ्या मनगटावर चापट मारते.

"हळू नका शिवू. हळू शिवलं का मानूस इचार करतंय."

पटलं. विचार केला नाही तर किती काम होतं!

एक वाईट वाटतं. ताहेराच्या बाजूला सिस्टरचा टाका, माझ्या बाजूला सरूबाईचा. कुणीही बघून सांगेल. त्यात ते गडद ठिगळ. ताहेराची नजर आधी तिथेच जाणार.

१ फेब्रुवारी

टोपल्या वाळल्या. तीन. एक चपटी झाली, तिला ताट म्हणायचं.

साड्यांच्या काठांच्या वेण्या घालून गोल पायपुसणं शिवलं. हिरवं, चिंचेच्या रंगाचं, मधे पिवळं. चांगलं बोटभर जाड. इतकं देखणं झालंय की पाय पुसायला जीव होत नाही.

२ फेब्रुवारी

ह्यांनी खोलीत डोकावलं. दोन टोपल्या, ताट, पायपुसणं, पँटीच्या चार पिशव्या, दोन बाटल्यांत कागदी फुलं. म्हणाले, "रिकामी केलीस, का नुसतं सामान बदललंस?"

मी रागावले. मग बघितलं. बरोबर होतं.

टोपल्या सरूबाईला दिल्या, ताट द्वारकाबाईंना. पिशव्या बाजारासाठी खुंटीला. फुलं देवघरात. पायपुसणं तेवढं पलंगाशी राहू दिलं. जाजमाशिवाय थंडी लागेल तिला.

३ फेब्रुवारी

दुलई झाली.

शेवटचा कोपरा राहिला तेव्हा सरूबाई म्हणाली, "थांबा." पदराच्या गाठीतून ज्वारीचे चार दाणे काढले आणि कोपऱ्यात सारले. "आमच्यात वाकळीचं पोट रिकामं नाय ठिवत. पांघरनाराला उपाशी झोप लागू नये."

मग दाण्यांवरून टाका घालायला मला दिलं. घातला. दोरा सैल सोडला.

सरूबाई गेल्यावर दुलई अंगावर घेऊन दुपारी झोपले. ताहेराच्या बाजूला अर्धी, माझ्या बाजूला अर्धी. चहा चुकला.

४ फेब्रुवारी

खोलीत पलंग, दुलई, पायपुसणं, खिडकी. एवढंच. बोललं तर आवाज घुमतो. तीनदा उगाच जाऊन आले, दारापासून पलंगापर्यंत चालून बघितलं. सहा पावलं.

ठिगळाची बाजू खाली करून घडी घातलीय. उद्या बघेल तेव्हा बघेल.

५ फेब्रुवारी, रविवार

ताहेराला दिसत नाही.

दोन वर्षं झाली. पत्रं तिची सून, राहत, लिहीत होती. ती गाडीतून आधी उतरली, मग हात धरून ताहेराला उतरवलं. मी अगदी समोर उभी होते, आणि ताहेरा माझ्या खांद्याच्या बाजूला बघून हसली. "कुमू, पहले बता, किती जाड झालीस?"

मला का नाही कळवलंस, म्हटलं. "कळवणारच होते गं. आज लिहिते, उद्या लिहिते. तुझीच मैत्रीण ना मी."

घरी खोलीच्या दारात तिला थांबवलं, आत गेले, पायपुसणं उचललं. मग ती एकटी चालत गेली. सहा पावलं.

दुलई मांडीवर घेऊन बोटं फिरवत राहिली. मधल्या रेघेशी थांबली. "इथपर्यंत मी." पुढे गेली, लांब टाक्यांवरून, ठिगळावरून. "आणि ही तू. घाईत." कोपऱ्यात दाणे लागले तेव्हा तिने विचारलं, मी सांगितलं. तिने दोनदा चाचपून बघितले.

मग म्हणाली, "निळा रंग आहे ना अजून? तोच?"

तोच आहे, म्हटलं.