लंबू घर का सोडून गेला

ता. ६ मार्च

ती. ताईस,

वाकूनच नमस्कार. ताठ केला तर वरची खाट डोक्याला लागते.

वि. वि. तुझे फोन दिसले, पण उचलले नाहीत. फोनवर तू ओरडतेस, कागदावर जरा हळू बोलतेस. मी बरा आहे. हॉटेलच्या लाँड्रीत आता मला चादरींच्या रोलरवर घेतलंय. ओली चादर इकडून सोडायची, तिकडून पापडासारखी कडक निघते. बोटं सांभाळायची, बाकी डोक्याला काम नाही.

आमच्या विश्रांतीच्या खोलीत आपली ती कार्टून मालिका लागते. शिंका येणारा ड्रॅगन, मंत्र विसरणारा जादूगार, खडूस किटली, सगळे आहेत. इथे पाच मुलखांची माणसं, एकाचं दुसऱ्याला कळत नाही. पण ड्रॅगन शिंकला, त्याच्या नाकातून आगीऐवजी कोंबडी बाहेर पडली, की सगळे एकदम हसतात. साबणवाला म्हातारा तर डोळे पुसतो. मला तेव्हा अण्णाच आठवतात.

अण्णा झटक्यानंतरचा तो पाय हलवतात ना? पट्टा काढलेल्या शिलाई मशीनवर नुसतं पॅडल मारायला बसवत जा आणि समोर मालिका लाव. त्या व्यायामवाल्या बाईंचं ते ऐकायचे नाहीत.

सुट्टीचं यंदा जमेलसं दिसत नाही. साहेब सोडत नाहीत.

आईला नमस्कार. रागव, पण थोडं.

तुझा भुंगा

ता. १९ मार्च

चि. भुंग्यास,

आशीर्वाद. तुझी लायकी नाही, पण मोठी आहे म्हणून देते.

अण्णा पाय हलवत नाहीत. त्यासाठीच फोन करत होते. आता सावकाश वाच, अक्षरं जुळवायला तुला वेळ लागतो.

तुझी ती मालिका आता मराठीतून लागते. मला वाटलं, बरं झालं, अण्णांना समजेल. आजवर परक्या भाषेतलं ते तू समजावून सांगायचास आणि ते हसत हसत पॅडल मारायचे. पहिल्याच दिवशी गोंधळ झाला. तू म्हणायचास, जादूगार झग्याची तुरपाई उसवली म्हणून आपल्या दुकानात येतो, किटली त्याला मागच्या शिलाईचे पैसे मागते. तसलं काहीच नाही त्यात! मेल्या, तुलाही ती भाषा येत नव्हती. सगळं मनानेच रचत होतास. मला आधी हसूच आलं, खोटं कशाला बोलू.

मग लंबूचा भाग लागला. तू अण्णांना सांगितलं होतंस की राक्षसाचा हा पोरगा कमवायला गेलाय आणि शेवटच्या भागात घरी येतो. तू गेल्यापासून ते त्याच भागाची वाट बघत होते. मराठी लंबू म्हणाला की मी घराला वैतागून निघालो आणि इथे समुद्रावर मजेत आहे. मालिका संपली. तो आला नाही.

अण्णांनी टीव्ही बंद करायला सांगितला. एवढंच म्हणाले की लंबू वैतागून गेला होता तर. त्यानंतर मशीनवर बसलेले नाहीत. मी समजावलं, मी चिडले, आईने हात जोडले. डॉक्टर म्हणतात पाय आता आखडला तर अंथरूण कायमचं.

चित्रातल्या राक्षसासाठी कोणी असं करत नाही, हे तुलाही कळतं. काय ते त्यांना तूच सांग.

जेवत जा. माया आहे, पण तोंड वर करून मागू नकोस.

ताई

ता. ३१ मार्च

ती. ताईस,

नमस्कार. तुझं पत्र लाँड्रीच्या मागे उभं राहून वाचलं. पुन्हा रोलरवर गेलो तर चादर तिरकी गेली, मुकादमाने आईबापांचा उद्धार केला. मी म्हटलं, चालू दे, आज बरोबर बोलतोय.

साहेब सोडत नाहीत हे मी रचलं. आणखी एक वर्ष कोण राहतो असं त्यांनी विचारलं तेव्हा पहिला हात माझा होता. कमवायला जातो हेही तसंच. दुकानात दिवसभर काजं करून माझा जीव गुदमरायचा, मुंग्या यायच्या. अण्णांना झटका आल्यावर तर वाटलं, आता ही खुर्ची माझ्याच गळ्यात. ते हसत असायचे, पॅडल मारायचे, आणि मी तोंडाने किटली बोलायचो पण नजर दाराकडे असायची. लंबू परत येतो हे त्यांच्यासाठी नव्हतं गं रचलं. ते सांगितल्यावर मला निघायला सोपं गेलं.

खालचं अण्णांना वाचून दाखव. त्यांना मशीनसमोर बसव आणि मग वाच.

ती. अण्णा, शि. सा. न. टीव्हीतला लंबू खरं बोलला, मी खोटं बोललो. मी वैतागूनच गेलो. सुईदोऱ्याला वैतागलो, एका जागी बसण्याला वैतागलो. तुम्हाला नाही. तुम्ही हसायचात तेव्हा मला आणखी सुचायचं, घरात तेवढी एकच गोष्ट मला धड जमत होती. शिवणकाम मी करणार नाही, आल्यावरही नाही. पण तुम्हाला चालताना बघायचंय. पाय हलवा. माझ्यावर राग काढायचा म्हणून हलवा.

ताई, वर केलेला हात खाली घेतो असं साहेबांना आज सांगितलं. ते बघतो म्हणाले. येतो असं मी आत्ता लिहीत नाही, तिकीट हातात पडलं की लिहीन.

आणि हे ऐकून त्यांचा पाय नाही हलला, तर मला बरं वाटावं म्हणून हलला असं लिहू नकोस. घरात रचून सांगणारा एक पुरे झाला.

उरला असेल तेवढा लोभ ठेव.

तुझा भुंगा