दानेश्वरी हात का लावत नाही

मंद्रूप,
ता. ६ नोव्हेंबर २०२५

चि. दानेश्वरीस सिद्धाप्पा काकाचे अनेक आशीर्वाद.

फोनवर तू 'मग बोलू' म्हणून ठेवतीस, म्हणून हे कागदावर.

माझी नस चोंदलीया, स्टेंट घालावा लागंल, हे तूच सांगितलंस. आता म्हणतीस, घालणार तुझ्या हाताखालची डॉक्टर अंकिता. का? आपला चनमल्लप्पा तुझ्या दवाखान्यातनं आला. त्यो सांगत हुता, मोठ्या मॅडम सहा महिने कुणालाच हात लावत न्हाईत, नुसत्या बाजूला उभ्या असत्यात. गावात कोण म्हणतंय तुझ्या हातनं पेशंट गेला, कोण म्हणतंय चौकशी लागलीया. मी भांडलो. पण घरी येऊन इचार करत बसलो की.

बावीस वर्सं लोकांची काळजं नीट केलीस, आन् काकाच्या टायमाला पोरीला पुढं करतीस? का माझंच दुरुस्तीपल्याड गेलंय? खरं लिही. काकू बरी हाय, माझ्यापासनं लोणचं लपवून ठिवती.

माया हाय तशी ऱ्हाऊ दे.
तुझा काका

सोलापूर,
ता. ११ नोव्हेंबर २०२५

ती. सिद्धाप्पा काकांस दानेश्वरीचा शि. सा. नमस्कार.

पत्र वाचून आधी रागच आला. चौकशी नाही, माझ्या हातून कुणी गेलंही नाही. मे महिन्यात एका बाईंच्या नसेत तार सरकवताना माझा उजवा अंगठा थरथरला. बाई सुखरूप घरी गेल्या. शेजारी उभ्या अंकिताला मात्र कळलं. आठवड्याने पुन्हा तेच झालं. त्या दिवसापासून मी तार धरली नाही.

बेंगळूरला शिकताना सरांनी आठ महिने मला तारेला हात लावू दिला नव्हता. एक्स-रेपासून वाचवणारा शिशाचा जड एप्रन घालून नुसतं बघायचं. हाताला घाई असते, आधी डोळ्यांना शिकू दे, म्हणायचे. अंकिताला मी तसंच नऊ वर्षं शिकवलंय. तुमची नस वळणाची आहे, तिथं स्थिर हात हवा. तो आता तिचा आहे. मी शेजारी असेनच.

आधी सांगायची लाज वाटली. पुतणीच्या हाताचं कौतुक तुम्ही गावभर सांगत आलात ना!

सोमवारी उपाशीपोटी या. रागवा, पण या.
तुमची दानेश्वरी

मंद्रूप,
ता. २५ नोव्हेंबर २०२५

चि. दानेश्वरीस अनेक आशीर्वाद.

काल मळ्यापातूर चालत जाऊन आलो, छाती भरली न्हाय. टेबलावर पडून मी अंकिताकडं लई वाकड्या नजरेनं बघत हुतो. तिला कळलं. म्हणाली, काका, माझ्यावर मॅडमचं ध्यान हाय, तुमी निवांत पडा. मग गप पडलो. पोरीला आशीर्वाद सांग. चनमल्लप्पाला काय बोललो न्हाय. सांगायचं तर तू सांग.

पण आता मला दुसराच संशय येतोय. एवढं लिहिलंस, तरी अंगठा कुणाला दाखवलास ते कुटंच न्हाय. तितं दवाखान्यात काकूनं इचारलं तर तू तिचा बीपी तपासाया लागलीस. सहा महिने कुणा पेशंटनं असं अंगावर काढलं असतं, तर तू त्याला किती बोलली असतीस? तू भितीस, दानेश्वरी.

पुढच्या गुरुवारी सकाळच्या एसटीनं येतो. डॉक्टर तू ठरव, केसपेपर मी काढतो. आत एकटीनं जायाचं न्हाय.

तुझा काका सिद्धाप्पा