मांडवामागची गार गाडी

१७ मे
भाचीचं लग्न दुपारीच. माझ्या मेहुण्याने, कुंदाच्या भावाने सुधाकरने, सकाळी फोनवर पक्कं केलं: २६ तारीख, रामटेकच्या पुढे त्यांच्या गावात. म्हणजे ऐन नवतप्यात, उन्हाळ्याच्या सगळ्यात तापत्या नऊ दिवसांत. दुपारी लाइट राहीलच असं नाही, हेही त्यानेच सांगितलं.
कुंदाचा नसांचा आजार. अंग तापलं की पाय जड, नजर धूसर. कित्येक वर्षं उन्हाळाभर ती हुडकेश्वरच्या या एका खोलीत, ए.सी.खाली. पण भाचीचा हट्ट: "आत्या, तू नाही आली तं मी हार नाही घालत, सांगून ठेवते."
आपली कॅम्पर आहे, आत राहायची सोय असलेली गाडी. हिवाळ्यातच बाहेर निघते. छतावरचा ए.सी. आजवर घरच्या लाइनीवरच चालवलेला. छोटा जनरेटर आणला. बघू.

१९ मे
नाही जमलं. पंखा फिरतो, कॉम्प्रेसर उचलला की जनरेटर गुरगुरतो आणि गप्प. कामठीहून ए.सी.वाले शब्बीरभाई आले. "चालताना हा कमीच खाते, साहेब. उठतानाच झटका देते." त्याला हळू उठवणारा डबा मिळतो, सॉफ्ट स्टार्टर. मागवला.

२१ मे
डबा बसला. सकाळी चालू! सुटकेसएवढं यंत्र, आणि गाडी गारठली.
दुपारी बंद. चालू केला, पुन्हा बंद. कुंदा आत होती. घरात आणताना दारातच तिचे पाय गेले. धरली. आत नेऊन ए.सी.खाली निजवली.

२२ मे
सुधाकर पत्रिका घेऊन आला. जनरेटर उन्हाने तापतो म्हणून दोघांनी त्याच्याभोवती खसच्या ताट्या बांधल्या, पाणी मारलं. कूलरला करतो तसं. वास छान. पण तो आणखीच लवकर बंद पडला.
कुंदा खिडकीतून बघत होती. शाळेत विज्ञान शिकवायची. "काहून जी, त्याचा दम कोंडून राहिले? त्याले वारा पाहिजे."
सुधाकर: "मले वाटलं, थंडा राहीन."
"तुह्या नाकाले ओली गोधडी बांधू का? मंग सांग थंडा वाटते का."
ताट्या काढल्या. वर उंच कापड, चारी बाजू मोकळ्या. धुराचं तोंड गाडीपासून दूर.

२३ मे
भर दुपार. रस्त्यावर कुत्रंही नाही, डांबर चपलेला चिकटतं. जनरेटर एका सुरात चालू. गाडीचं दार उघडलं. पत्र्याच्या एका पातळ भिंतीबाहेर सगळं भाजतंय, आणि आत कुंदा उभी. कशालाही न धरता. मे महिन्यात! लग्नाच्या साडीच्या निऱ्या घालत होती.
"बघता काय जी? पदर धरा."
धरला. थोडंसं पेट्रोल, आणि त्यातून ही एवढी गार वाऱ्याची खोली. अजून विश्वास बसत नाही.

२५ मे
नवतपा लागला. शब्बीरभाईंनी आज सगळं पुन्हा तपासलं: भर उन्हातही जनरेटर दम धरतो. आत विषारी धुराचा अलार्मही लावून गेले.
उद्या पहाटे निघायचं. गाडी मांडवामागे, निंबाखाली. अक्षतांच्या वेळी सुधाकर दार वाजवेल. मधला उन्हाचा पट्टा कुंदा चालत जाणार म्हणते, चाकांची खुर्ची नको. खुर्ची मी सीटमागे ठेवली आहे, न सांगता.
सुधाकरचा आत्ताच फोन: मांडव गाडीच्या दारापर्यंत ओढतो. कापड पुरतं की नाही, ते सकाळी बांधतानाच कळेल.