तिसऱ्या भोकाचा चरा

९ फेब्रुवारी १९५८

आण्णासाहेबाची जीप उलटली! बेंबळीच्या रस्त्यावर, ओढ्याच्या वळणाला. उजव्या मांडीचं हाड मधोमध मोडलं. ड्रायव्हरला साधं खरचटलंही नाही.

बायको म्हणाली, "हसताय काय असं? माणूस मरता मरता वाचलाय." मी हसत होतो हे मला ठाऊकच नव्हतं.

१० फेब्रुवारी

कामात लक्ष नाही. लेथवर दोनदा टूल मोडलं.

चार वर्षं झाली त्या गोष्टीला. तेव्हा आम्ही बेंबळीतच होतो. माझा धाकटा भाऊ बलभीम ह्याच आण्णासाहेबाच्या विहिरीवर कामाला होता. सुरुंगाचा दगड मांडीवर आला. हाडवैद्यानं सांगितल्याप्रमाणे बांबूच्या कामट्या बांधल्या, अंड्याचा लेप दिला. चौथ्या दिवशी पायाची बोटं काळी पडली. मी पळत आण्णासाहेबाच्या दारात गेलो, सोलापूरला न्यायला जीप द्या म्हणून हात जोडले. जीप समोरच उभी. धुऊन पुसून. "आज जमायचं न्हाय. पाव्हण्यास्नी आणाया जायाचीय." एवढं बोलला आणि आत गेला.

बैलगाडी, मग मोटार. सोलापूर गाठेपर्यंत दीड दिवस गेला. मांडीपासून पाय कापला. तेवीस वर्षांचा होता बलभीम.

पाहुणे महत्त्वाचे! पाय काय, माणसाला दोन असतात.

१२ फेब्रुवारी

डॉक्टर महालिंगप्पांचं बोलावणं. हे सोलापूरकडचे, दोन वर्षांपूर्वी इथं दवाखाना काढला. मोडलेल्या हाडाला पोलादी पट्टी लावून स्क्रूनं आवळतात. विलायती माल मुंबईहून यायला महिने लागतात, म्हणून नमुना समोर ठेवून माझ्याकडून करून घेतात. आजवर अकरा पट्ट्या दिल्या. एकही परत आली नाही.

"सहा भोकांची पट्टी पाहिजे बाबूराव, मांडीची. पेशंट वजनदार आहेत, जाडी जरा जास्त ठेवा."

"कोण पेशंट?" माहीत असून विचारलं.

"बेंबळीचे आण्णासाहेब."

"करतो की. जीव ओतून करतो," म्हणालो. येताना वाटेत पाय जमिनीला लागत नव्हते.

१४ फेब्रुवारी

पट्टी कापली. डॉक्टरांनी मुंबईहून आणवलेलं न गंजणारं पोलाद आहे — लोहचुंबक त्याला चिकटत नाही. पहिल्यांदा काम दिलं तेव्हा डॉक्टरांनी मला समोर बसवून दोन तास शिकवलं होतं. तेव्हा वाटलं, ह्या माणसाला बोलायला कुणी भेटत नसावं. आता त्यातला शब्द न् शब्द उपयोगी पडतोय.

साधं लोखंड का नको? तर अंगातलं पाणी खारट, गंजून हाड कुजतं. चांदी का नको? मऊ, वाकते. पट्टी एका धातूची आणि स्क्रू दुसऱ्याचे का नकोत? तर खाऱ्या पाण्यात दोन धातू एकमेकांना खातात. लोखंडाला लावलेली कानससुद्धा ह्या पोलादाला लावायची नाही, तिचा कण रुतला तर तिथूनच गंज सुरू! म्हणून ह्या पोलादाची माझी कानस वेगळ्या फडक्यात असते.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट — पट्टी काही जन्मभराचा पाय नाही. "ही शर्यत आहे बाबूराव," डॉक्टर म्हणाले होते. "हाड जुळतंय, आणि इकडे पट्टी दर पावलाला थोडी वाकून थकतेय. हाड आधी जुळलं तर आपण जिंकलो. पट्टी आधी थकली तर तुटणार. आणि तुटली की भोकापाशी तुटते. तिथं एक चरा असला तरी पुरे. चरा पोलादाला फाडत नेतो."

एक चरा पुरे!

१५ फेब्रुवारी

स्क्रूचे आटे पाडले. बारा स्क्रू — सहा लागतात, सहा जादा. काम इतकं सुरेख कधी उतरलं नव्हतं.

बलभीम पॉलिशला बसला. गाव सोडून इथं आलो तेव्हापासून ते काम त्याचंच. बसून करता येतं. बफ फिरवून झाला की तो डोळे मिटून अंगठ्याचं नख सगळीकडून ओढतो. जिथं नख अडकेल तिथं पुन्हा घासायचं. डोळ्यांवर त्याचा विश्वास नाही. पेशंट कोण, त्याला ठाऊक आहे. मी विचारलं, "काय वाटतंय तुला?" म्हणाला, "कशाचं?"

ह्याच्या वाटचा राग मलाच करावा लागतो.

१७ फेब्रुवारी

केलं.

दुपारी बलभीम जेवायला गेला तेव्हा. पॉलिश झालेली पट्टी डब्यात होती. तिसरं भोक — हाडाची मोड त्याच्याच शेजारी येणार. आखणीची सुई घेतली, भोकाच्या काठापासून बाहेर एक ओरखडा. जोंधळ्याच्या दाण्याएवढाही नाही. त्यावर बोटानं तेल फिरवलं. मला स्वतःला दिसेना!

बलभीमनं संध्याकाळी सगळं स्पिरिटनं पुसलं, फडक्यात बांधलं आणि कुबडीवर दवाखान्यात नेऊन दिलं. पुडीचा दोरा नेहमीसारखा सैल. कितीदा सांगितलं, आवळून बांध, वाटेत सुटेल. कधीच आवळत नाही.

त्याच्याच हातानं पोचली पट्टी. बरं वाटलं. देवी आहे तुळजापुरात, आंधळी नाही.

२० फेब्रुवारी

पट्टी बसली! मुद्दाम विचारायला गेलो. डॉक्टर खूश. "तुमचं भोक आणि तुमचा स्क्रू, एका आईची लेकरं." मग हात धूत म्हणाले, "नशीब ह्यांनी गावात कामट्या आवळून घेतल्या नाहीत. आपल्याकडं लोक ताकद लावून आवळतात. रक्त थांबलं की दोन दिवसांत पाय मेलाच. मग सोलापूर काय आणि मुंबई काय."

मी विषय बदलला. स्क्रू किती लागले विचारलं. सहा.

९ मार्च

अंदाजावर राहायचं नाही. त्याच पोलादाचे दोन तुकडे कापले, दोघांना सारखं भोक. एकाला तसाच चरा. बुडं पकडीत आवळली, शेंडे लेथ चालवणाऱ्या इंजिनाच्या चाकावरच्या दांडीला जोडले. चाक फिरलं की दोन्ही केसभर वाकतात आणि सरळ होतात. माणूस चालतो तसं.

१० मार्च

दुपारी ताड्कन आवाज. चऱ्याचा तुटला! बरोबर भोकातून. दुसरा वाकतोय आपला गुमान.

बलभीमनं विचारलं, "ह्ये काय चाललंय दादा?" मालाची परीक्षा, म्हणालो. त्यानं तुटका तुकडा उचलला, बराच वेळ बघितला आणि खिळ्यांच्या डब्यात टाकला.

१८ मार्च

बिनचऱ्याचा अजून शाबूत. काढून ठेवला. इंजिनाचे फेरे आणि माणसाची पावलं ह्यांचा मेळ घातला. आण्णासाहेब कुबड्या टाकून चालू लागला की तीन महिन्यांत. फार तर चार. मांडीच्या आत, मांसात तुटेल. पुन्हा फाडावं लागेल. वय पंचावन्न. पुन्हा जुळत नाही म्हणतात.

१ जून

आज तो दुकानात आला!

दोन कुबड्या, मागं गडी, हातात आंब्यांची पाटी. "बाबूराव तुमीच न्हवं? तुमच्या हातचं पोलाद हाय माझ्या मांडीत. म्हनलं, भेटावं एकडाव." मला ओळखलं नाही. चार वर्षांपूर्वी ज्याच्या दारात मी रडलो, त्या माणसानं मला ओळखलं नाही! मग बलभीमकडं वळला. खरंच कळवळून विचारलं, "तुमास्नी काय झालं वो?"

"विहिरीवर मोडला."

"कुनाच्या?"

"हुती एक," बलभीम म्हणाला आणि आंबे उतरवून घेतले.

कानशिलं तापली माझी. हातातली हातोडी कधी खाली ठेवली आठवत नाही. विसरला! आमचा सगळा जन्म ज्या दिवशी फिरला तो दिवस त्याला एक दिवस म्हणूनसुद्धा आठवत नाही. आठव म्हणावं. मांडीत काड्कन वाजेल तेव्हा आठव.

आंबे मी खाल्ले नाहीत. बलभीमनं चार खाल्ले.

१९ ऑगस्ट

बातमी आली — आण्णासाहेब गोठ्यात पडला!!

२० ऑगस्ट

गाईनं ढकललं. काही झालं नाही. कुबड्या महिन्यापूर्वीच सुटल्यात म्हणे, आता नुसती काठी.

गाईवर सुद्धा भरवसा नाही.

२९ ऑक्टोबर

तुळजापूरला जाऊन आलो. आण्णासाहेबाची बायको द्वारकाबाई, तिनं नवस बोलला होता — पाय बरा होऊ दे, मालक आपल्या पायांनी पायऱ्या उतरतील आणि चढतील. नवरात्राची गर्दी ओसरली म्हणून आज आले होते. मला डॉक्टरांकडून कळलं. डॉक्टर डोक्याला हात लावून बसले होते. "एवढ्यात नको म्हणून सांगितलं. उतरताना मांडीवर सगळ्यात जास्त जोर येतो. ऐकतील तर शपथ!"

मी एस.टी.नं आधीच जाऊन कुंकवाच्या दुकानाशेजारी उभा राहिलो. तो आला. काठीसुद्धा गड्याकडं दिली. एक एक पायरी. मी मोजत होतो. प्रत्येक पायरीला मनात म्हणायचो — आता. आता. द्वारकाबाई शेजारून उतरत होती, हात धरायला पुढं केलेला, पण धरत नव्हती, नवस मोडेल म्हणून. तिचे ओठ हलत होते. देवीपुढं आम्ही दोघंही एकाच पट्टीसाठी तोंड हलवत होतो. एक तुटू दे म्हणत, एक टिकू दे म्हणत.

उतरला. दर्शन घेतलं. चढला! वर येऊन घाम पुसला, उसाचा रस प्याला.

मी देवीला न भेटताच परत आलो. तिला तोंड दाखवायची इच्छा झाली नाही.

३० ऑक्टोबर

चरा कमी पडला. दाण्याएवढा पाडायला हवा होता. माझंच काळीज लहान.

१२ जानेवारी १९५९

काही नाही. चालतोय. म्हणे शेतावर जातो.

बायको म्हणते, "तुमी बेंबळीच्या मान्साची लई चौकशी करता. लोकं म्हनत्यात, किती काळीज हाय बाबूरावास्नी." चहा नाकात गेला.

१४ मार्च

डॉक्टरांनी पट्टी काढली. हाड पक्कं जुळलं. पोलाद हाडाच्या दहापट ताठ असतं, फार दिवस ठेवलं तर सगळा भार तेच घेतं आणि खालचं हाड आळशी होऊन बारीक पडतं, म्हणून काढायची. मला बोलावून पट्टी हातावर ठेवली. "तेरा महिने! तुळजापूरच्या पायऱ्या! केसाएवढी भेग नाही. ही तुम्हीच ठेवा, तुमचं बक्षीस."

घरी येऊन भिंग घेतलं. तिसरं भोक. चरा नाही.

दुसरं भोक बघितलं, चौथं बघितलं. पट्टी उलटी करून बघितली. कुठंच नाही. तिसऱ्या भोकाच्या काठाला मात्र पोलाद कणभर खोल गेलंय. अगदी गोल, मऊ उतार. बारीक एमरी कागद आणि तेल घेऊन, बोटानं, तासभर घासल्याशिवाय असा उतार येत नाही. असं घासणारा माणूस ह्या गावात एकच आहे.

दिवसभर त्याच्याकडं बघवलं नाही. तो आपला मुळ्याची भाजी आणि भाकरी खात होता.

१५ मार्च

विचारलं. बलभीमनं हातातलं काम थांबवलं नाही.

"पुसताना नखाला लागला हुता. दवाखान्याच्या वट्ट्यावर बसून काढला घासून."

"कुणासाठी केलं होतं मी ते? तुझ्या पायासाठी केलं होतं!"

"जीप मिळाली असती तरी पाय ऱ्हायला नसता दादा. दुसऱ्याच दिशी बधिर पडला हुता. म्या वरडत हुतो, ढिल्या कर, ढिल्या कर. तू गुडघा रोवून आवळत हुतास कामट्या." मग त्यानं पट्टी माझ्या हातातून घेतली, डोळे मिटले, सगळीकडून नख ओढलं आणि परत दिली. "पाच वर्सं झाली. म्या कधी तुला चरा पाडला का?"